चाळीस मीटरचं कुंपण

कुंपणवादी: भाऊ, जंगलाला लागून असलेल्या गावांत हरणांचा विषय निघाला की बोलणं लगेच शेतावर जातं. सोयाबीन, तूर, धान, हरभरा. घरामागच्या परसबागेचं नाव कोणी काढत नाही, आणि चूक तिथूनच सुरू होते असं मला वाटतं. ताडोबाभोवतीच्या गावांत बाईच्या स्वतःच्या हुकमतीतली जमीन बहुतेक वेळा तेवढीच असते. वाल, चवळी, वांगी, पालक, दोडक्याचा वेल, कोपऱ्यात पपई, पेरू, शेवगा. यातलं फारसं काही बाजारात जात नाही, म्हणून कुठल्या हिशेबात येत नाही. पण ते ताटात येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी चोपन्न टक्क्यांहून जास्त जणींमध्ये रक्तक्षय आढळला होता. ‘उमेद’ अभियान पोषण परसबागांची मोहीम चालवतं, त्यामागे हेच वास्तव आहे. अशा बागेत एका पहाटे चितळांचा कळप शिरला, तर महिन्याभराची भाजी तासाभरात संपते. शेताचा निदान पंचनामा होतो. वालाच्या दोन वेलांचा पंचनामा करायला कोण येणार? म्हणून माझं म्हणणं असं, की राखणीला सुरुवात परसबागेपासून करावी. ती लहान आहे, घराला लागून आहे, रोज डोळ्यांसमोर आहे. शेताला जे कुंपण परवडत नाही आणि टिकत नाही, ते इथे परवडेल आणि टिकेल.

शंकेखोर: बागेचं मोल मला मान्य आहे, ताई. त्याबद्दल वाद नाही. पण कुंपण घालायच्या आधी, खाणारं जनावर कोणतं ते तरी ओळखायला हवं. हरणाच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ते पाला धरून ओढतं, त्यामुळे देठाचं टोक फाटलेलं, रेषा निघालेलं राहतं. ससा खातो तेव्हा देठ तिरकं आणि स्वच्छ कातरलेलं दिसतं. रानडुक्कर जमीन उकरतं. वानर फांदी मोडतं, फळ अर्धं खाऊन टाकून देतं, आणि त्याला तुमचं कुंपण म्हणजे बसायची जागा. एकाच बागेत हे चौघंही येऊ शकतात. चितळासाठी पैसा घालून कुंपण केलं आणि पपई वानरांनीच नेली, असं झालं तर बाईचा पुढच्या सगळ्या उपायांवरचा विश्वास उडतो. हा माझा पहिला आक्षेप. तो लहान आहे, तुम्ही त्यावर उत्तर काढाल. दुसरा आक्षेप गणिताचा आहे. एक गुंठा म्हणजे जेमतेम शंभर चौरस मीटर, दहा मीटर बाजूचा चौरस. त्याला चाळीस मीटर कुंपण लागतं. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, पण चौरस तुकडा असला तर त्याचा घेर सुमारे दोनशे पंचावन्न मीटर. म्हणजे एकरात एका गुंठ्यामागे साडेसहा मीटरही कुंपण येत नाही, आणि परसबागेत चाळीस मीटर येतं. जमीन जितकी लहान, तितकं तिला राखणं महाग. सहापट महाग गोष्ट तुम्ही गावातल्या सगळ्यात गरीब घराला सुचवता आहात.

कुंपणवादी: गणित बरोबर आहे, पण ते तारेचं आहे. कुंपण फसतं ते बहुतेक वेळा तार कमी पडली म्हणून नाही, देखभाल झाली नाही म्हणून. अडीचशे मीटरच्या घेरात एक खांब कुठे कलला, खालची माती पावसाने कुठे वाहून गेली, हे दिसायला फेरी मारावी लागते, आणि कामाच्या दिवसांत ती मारली जात नाही. चाळीस मीटर पाणी घालता घालता नजरेखालून जातात. शिवाय लहान जागेचा एक फायदा आहे, जो शेताला नाही. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी आठ फुटी कुंपण सांगतात, कारण ते हरीण तेवढी उडी मारू शकतं. पण तिथलाच अनुभव असाही आहे, की तुकडा लहान आणि आत अडचण असेल तर कमी उंचीचं कुंपणही पुष्कळदा पुरतं. पलीकडे पाय कुठे टेकणार हे दिसत नसेल, तर हरीण उडी टाळतं. परसबागेत वेलांचे मांडव असतातच. ते कुंपणापासून हात-दीड हातावर घेतले, तर उतरायला मोकळी जागाच राहत नाही. आणि चितळाचं आणखी एक आहे. १८६८ साली आपलं चितळ हवाईच्या मोलोकाई बेटावर नेऊन सोडलं, आणि तिथे त्याचा एवढा उपद्रव झाला की कुंपणाचा त्यांना चांगलाच अनुभव आहे. चितळ उडी मारू शकतं, पण जमलं तर ते खालून नाहीतर फटीतून घुसणं पसंत करतं. म्हणून आपल्याकडे वरच्या तारेपेक्षा खालच्या वितीची काळजी जास्त घ्यायला हवी. खाली बोराटीच्या काट्यांचा फास दाबून भरायचा, हे जुन्या लोकांना ठाऊकच होतं. त्याला लागून सागरगोटा किंवा चिल्हार लावली, तर काही पावसाळ्यांनी काटे आणायलाही जावं लागत नाही. जुन्या साड्या बांधतात, त्यालाही अर्थ आहे. हरणाला पलीकडचं दिसत नाही. साडी एकटी असेल तर कळप काही दिवसांत सरावतो. काट्यांना जोडून असेल तर ती कामाची. वानराला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही, हे मी कबूल करते. त्याच्यासाठी जाळी वरूनही झाकावी लागते, आणि ती एखाद्या वाफ्यापुरतीच शक्य आहे.

शंकेखोर: तुम्ही झटका मशीनचं नाव घेतलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. आजकाल गावात कुंपण म्हटलं की लोक तेच म्हणतात.

कुंपणवादी: घेणार होतेच, पण शेवटी. सौर झटका मशीन चांगलं आहे. सेकंदाला साधारण एक ठोका, व्होल्ट हजारांत, पण ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाचा. म्हणून जनावर दचकतं, मरत नाही. फक्त त्याचे नियम पाळायला हवेत. चितळाच्या अंगावरच्या केसांतून झटका नीट पोचत नाही, नाकाला किंवा जिभेला लागला तरच लक्षात राहतो. अमेरिकेत म्हणून तारेला पत्र्याच्या चकत्या लावून त्यावर शेंगदाण्याचं लोणी फासतात. हरीण आपणहून नाक लावतं आणि पुन्हा त्या बाजूला फिरकत नाही. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत गळतो. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंगची सळई निकामी होते, तिथे पाणी घालत राहावं लागतं. हे सगळं चाळीस मीटरला जमतं. पण यंत्र, बॅटरी आणि पॅनेलची किंमत बाग लहान म्हणून कमी होत नाही, आणि तिथे तुमचं गणित मला अडवतं. चार-पाच घरांच्या बागा एकमेकींना लागून असतील आणि यंत्र एक असेल, तरच ते जमेल.

इथे लिहिणाऱ्याने मध्ये पडणं भाग आहे, कारण या एका मुद्द्याला दोन बाजू नाहीत. झटका मशीन परवडत नाही म्हणून घरातल्या विजेची किंवा खांबावरची तार थेट कुंपणाला जोडण्याचे प्रकार विदर्भात होतात. त्या तारेतला प्रवाह थांबत नाही. स्नायू आखडतात, हात सुटत नाही. त्यात चितळ, रानडुक्कर, वाघ आणि माणसं मेली आहेत. परसाकडे निघालेला शेजारी मेला आहे, स्वतः तार लावणाराही मेला आहे. तो फौजदारी गुन्हा आहेच, पण गुन्हा नसता तरी घराच्या मागच्या दारात, जिथे लेकरं खेळतात, तिथे ती तार कुठल्याही वादात ग्राह्य धरता येत नाही. फोरेटच्या पुरचुंड्यांचंही तसंच. त्याच्या उग्र वासाने रानडुक्कर लांब राहतं म्हणून त्या बांधाला टांगत असत. त्या अत्यंत विषारी कीटकनाशकाची विक्री २०२० च्या अखेरीपासून देशात बंद आहे. जिथली भाजी त्याच दिवशी चुलीवर जाते, जिथे कोंबड्या चरतात, तिथे ते कधीच असायला नको होतं.

शंकेखोर: आता माझा खरा आक्षेप मांडतो. समजा तुमचं कुंपण पक्कं झालं. चितळ कुठे जाईल? त्याची भूक तुमच्या काट्यांवर आपटून नाहीशी होणार नाही. ते शेजारच्या, कुंपण नसलेल्या बागेत जाईल. ज्या घरी माणूस आहे, काटे आणायला बैल आहे, चार पैसे आहेत, ते घर आधी सुटेल; एकटी म्हातारी, मजुरीला जाणारी बाई सगळ्यात शेवटी. एकेक बाग सुरक्षित होत गेली की उरलेल्या बागांवरचा भार वाढत जाईल. तुम्ही हरीण हाकलत नाही, शेजारणीकडे पाठवता. ताडोबाच्या पश्चिम सीमेवर मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिकांच्या नुकसानीचा अभ्यास केला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलाच्या कडेपासून जसजसं दूर जावं तसतसं नुकसान कमी होत जातं, असं त्यात दिसलं. म्हणजे भार मुळातच सारखा वाटलेला नाही, कडेच्या घरावर आधीच जास्त आहे. तिथे प्रत्येकाने आपापलं कुंपण घालायचं म्हटलं, तर असमानतेवर आणखी एक असमानता चढेल. त्याच अभ्यासात आणखी एक महत्त्वाची गोष्ट आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहून काढलेला नुकसानीचा अंदाज कमी भरतो, कारण कोवळेपणी खाल्लेलं रोप पुन्हा फुटतं, हिरवं दिसतं, आणि दाणा मात्र कमी देतं. शेताच्या पंचनाम्यात हे निसटतं. परसबागेत तर पंचनामाच नाही. मग मूळ प्रश्न असा येतो, की जंगलात खायला असेल तर चितळ गावात येईलच कशाला? रायमुनिया आणि रानतुळस जिथे माजली तिथलं गवत गेलं. ते परत आणा, पाणवठे राखा. कुंपण ही मलमपट्टी झाली.

कुंपणवादी: शेजारणीचा मुद्दा मला टाळता येत नाही, त्याच्याकडे मी येते. पण जंगलात चारा असला की हरीण येणार नाही, हे मला पटत नाही, आणि या समजुतीने बरंच नुकसान केलं आहे असं मला वाटतं. हरीण केवळ उपाशी म्हणून येत नाही. पाणी-खत दिलेली चवळी, रताळ्याचा वेल, हरभऱ्याचा कोवळा शेंडा यांत प्रथिनं जास्त, तंतू कमी, कडवटपणा कमी. माणसाने पिढ्यान्पिढ्या निवडून निवडून ही रोपं मऊ आणि गोड केली. ती आपल्याला आवडतात त्याच कारणाने हरणालाही आवडतात. पोट भरलेलं चितळही ती सोडणार नाही. दुसरं कारण भीती. वाघ वस्तीपासून अंतर ठेवतो, म्हणून काही कळप वस्तीच्या आसऱ्याला येतात. चारा वाढवला तर हरणांची संख्याही वाढते, ती कुठे जाणार? वाघ-बिबटे नसतील तर काय होतं, ते अंदमानात दिसलं. इंग्रजांनी तिथे चितळ सोडलं, त्याला मारणारं कोणी नव्हतं, आणि त्याने बेटांवरच्या जंगलाची कोवळी रोपं वर येऊ दिली नाहीत. अमेरिकेत लांडगे संपवले, बंगल्यांभोवती हिरवळ आणि झुडपं लावली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच लाखांच्याही आत आलेलं हरीण आज काही कोटींत आहे, आणि तिथल्या घरामागच्या बागांची तक्रार हुबेहूब आपल्यासारखी आहे. आपल्याकडे वाघ आहे, हे आपलं भाग्य. पण त्यामुळे जंगल सुधारलं की बाग आपोआप वाचेल, असं होत नाही. जंगल सुधारा, जरूर सुधारा. बागेला कुंपण तरीही लागेल.

शंकेखोर: मग लावणीच बदलावी. हळद, आलं, लसूण, गवती चहा, मिरची, पुदिना, असं उग्र वासाचं आणि तिखट चितळ सहसा मागे ठेवतं. बागेच्या बाहेरच्या ओळी त्यांच्या कराव्यात.

कुंपणवादी: कराव्यात, थोडा उपयोग होतो. पण उन्हाळ्यात त्या यादीचा भरवसा धरता येत नाही. आणि मिरची-हळदीने रक्तक्षय जात नाही. पालक, चवळी, शेवगा यांच्यासाठीच तर बाग आहे. हरीण ज्याला तोंड लावत नाही तेवढंच लावायचं ठरवलं, तर बागेचं कामच उरत नाही.

शंकेखोर: हे मान्य. पण तुम्ही म्हणालात वस्तीच्या आसऱ्याला कळप येतात, तर त्याची पुढची पायरीही बोला. हरणामागे बिबट्या येतो अशी भीती गावात घातली जाते, आणि कुंपणाच्या बाजूने तो मुद्दा हमखास मांडला जातो. विद्या अत्रेय यांनी अकोले भागात, उसाच्या आणि वस्तीच्या प्रदेशात बिबट्यांचा अभ्यास केला, तिथे त्यांच्या खाण्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे बागेची राखण व्हावी म्हणून दारात कुत्रा बांधला, तर हरीण दूर जाईल आणि बिबट्या जवळ येईल.

कुंपणवादी: म्हणूनच मी कुत्र्याची शिफारस केली नाही. तिथला अनुभव ताडोबाला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण इथे रानात शिकार भरपूर आहे. पण साखळीला बांधलेल्या कुत्र्याबद्दल तुमचं म्हणणं मला योग्य वाटतं. आता शेजारणीचा मुद्दा. त्याला माझं उत्तर असं, की एकेका बागेचं कुंपण हे खाजगी काम मानणं सोडावं. मोहल्ल्यातल्या सगळ्या बागा एकाच पावसाळ्याआधी, एकत्र. बचत गटाने काटे एकत्र आणावेत, खांब एकत्र पुरावेत. एकही बाग उघडी राहिली नाही, तर भार ढकलायला शेजारीण उरत नाही. आणि तुमचं गणितही बदलतं. लागून असलेल्या आठ बागांना मिळून एक घेर लागतो, आठ घेर लागत नाहीत.

शंकेखोर: बागांवरून हटलेला भार शेतांवर जाईल. पण समजा तो शेतकऱ्याने सोसला, त्याच्यासाठी योजना तरी आहे. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. वनविभाग पिकाच्या नुकसानीची भरपाई देतो, फळझाडाला झाडागणिक दर ठरलेला आहे. पण ही सगळी व्यवस्था सातबाऱ्यावर उभी आहे. तुमच्या परसबागा गावठाणात. ज्या बाईकडे घरामागच्या गुंठाभर जागेशिवाय काहीच नाही, तिच्या नावाने सातबारा नाही. व्यवस्थेच्या लेखी ती शेतकरीच नाही. चितळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि ते असावं असं मी मनापासून मानतो. चितळ नसेल तर वाघ नाही, वाघ नसेल तर ताडोबाला येणाऱ्या गाड्या नाहीत, रिसॉर्ट नाहीत, गाईडची मजुरी नाही. पण या साखळीतला एक घास रोज त्या बाईच्या वाफ्यातून जातो. आणि तुम्ही तिला सांगता, बचत गटातून काटे आण. तुमचा उपाय कामाचा आहे, ताई, त्याने बाग वाचेल. पण जो खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा, तो तुमच्या उपायामुळे तिच्या अंगणात निमूटपणे जिरून जातो, आणि मग तो कोणाला दिसतही नाही.

कुंपणवादी: तुम्ही म्हणता तो धोका खरा आहे. बाग वाचली की तक्रार थांबते, तक्रार थांबली की खर्च झालाच नाही असं धरलं जातं. पण तो खर्च दिसत राहावा म्हणून बाग उघडी ठेवा, असं तुम्हीही म्हणणार नाही. मग मागणी बदलू या. पर्यटनाच्या उत्पन्नातला वाटा गावाला देताना परसबागेचं कुंपण हा त्यातला पहिला खर्च असावा, सातबारा न विचारता, घरटी. घरापासून सुरुवात करायची आणि पैसा उरेल तसं बाहेर शेताकडे जायचं.

शंकेखोर: आणि मी उलट म्हणतो. तोच पैसा जंगलाच्या कडेला एका सामूहिक कुंपणावर लावा, बाहेरून आत या. मीटरमागे जास्त जमीन राखली जाईल, बागही वाचेल आणि शेतही, आणि भार कोणावर ढकलला जाणार नाही.

कुंपणवादी: त्या कुंपणाची रेघ कोण आखणार? नाल्याच्या अंगाची, गावाच्या शेवटी असलेली घरं नेमकी त्याच्या बाहेर राहतात, आणि ती घरं कोणाची असतात हे तुम्हालाही माहीत आहे. चितळांची पाण्याची वाट त्याने तोडली, तर ती ज्या फटीतून आत येतील ती फटही त्याच घरांच्या मागे पडेल.

शंकेखोर: असेल. तुमच्या घरटी कुंपणालाही एक अडचण आहे. मूल-सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात रोवणीच्या दिवसांत बाया उजाडता उजाडता बांधीवर जातात, अंधार पडता पडता परततात. त्याच दिवसांत तारेखालचं गवत सगळ्यात जोमाने वाढतं, काटे कुजतात, खालची माती वाहते. चाळीस मीटर नजरेखालून जातात म्हणालात, ते घरी असलेल्या बाईच्या. रोवणीची मजुरी बुडवून ती दुरुस्ती कोणी करायची? त्या दिवसांची मजुरी तुमच्या घरटी योजनेत धरली आहे का? धरली असेल, तर मी तुमच्या बाजूने बोलेन.

कुंपणवादी: नाही, धरली नाही. धरायला हवी. तारेचा दर सगळ्यांना सांगता येतो. त्या दिवसांच्या मजुरीचा दर कोणत्या खात्याकडे मागायचा, हे मला अजून सांगता येत नाही.